फक्त तासगावपुरतं

विट्याच्या सूतगिरणीत भर दुपारी खेकड्याने पहिला माणूस धरला. माणूस चोर नव्हता. तो गिरणीचाच फिटर होता, जेवून परत येत होता, आणि हाच खेकडा त्याला वर्षभर रोज बघत होता. नांगी गुडघ्याखाली आवळली गेली तेव्हा फिटर आधी हसला, कारण त्याला वाटलं, यंत्राची काहीतरी गडबड झाली असेल. मग त्याने पाय ओढला, तशी नांगी आणखी आवळली. त्याने पुन्हा जोरात ओढला आणि हाड मोडल्याचा आवाज पलीकडच्या चहाच्या टपरीवर ऐकू आला.

माणसं "सोड, सोड" करत धावली. सोड म्हटलं की खेकडा सोडतो, हे विट्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. खेकड्याने कुणाचंच ऐकलं नाही. एकाने पहार आणून नांगीत घातली आणि अंगातला सगळा जोर लावला. नांगीला जाणवलेला तो जोर म्हणजे धरलेल्या माणसाची झटापट, असा अर्थ यंत्राने काढला आणि पायाचा उरलासुरला भाग चेपून टाकला. फिटर बेशुद्ध पडल्यावर नांगी आवळायची थांबली. सुटली मात्र नाही.

खेकडा हे लोकांनी ठेवलेलं नाव. अभय राखण सेवा या कंपनीच्या माहितीपत्रकात त्याला 'चतुष्पाद रक्षक' असं भारदस्त नाव होतं, पण चार पायांच्या, वासराएवढ्या आणि पुढे एकच नांगी असलेल्या यंत्राला कुणी चतुष्पाद रक्षक म्हणत बसतं का? गोदामं, गिरण्या, शीतगृहं राखायची, चोर आला तर त्याला धरायचं आणि माणसं येईपर्यंत धरून ठेवायचं, एवढं त्याचं काम. कंपनीचं मुख्य कार्यालय सांगलीत होतं आणि शाखा जिल्हाभर पसरलेल्या होत्या.

त्या मुख्य कार्यालयात तृप्ती मगदूम पॅकेजं पाठवायची. खेकड्याने कुणाला धरायचं, किती जोराने धरायचं, कधी सोडायचं, हे सगळे नियम एका पॅकेजमध्ये बांधलेले असत. प्रत्येक शाखेत एक संगणक होता, त्याला सगळे कोठार म्हणत. सांगलीहून निघालेलं पॅकेज आधी कोठारात जाऊन पडे आणि खेकडा चार्जिंगला येऊन उभा राहिला की तिथून त्याच्यात उतरे. सगळ्या खेकड्यांनी थेट सांगलीकडे तोंड वासलं असतं तर लाइनी तुंबल्या असत्या, म्हणून ही सोय. शिवाय शेजारशेजारची कोठारं सारखी एकमेकांशी ताडून बघत. एखाद्याकडची प्रत खराब झाली किंवा कुणी पुसली, तर शेजारी आपल्याकडची प्रत देऊन ती भरून काढी. चोरांनी एखादी शाखा फोडून नियम बदलले, तरी घटकाभरात सगळं आपोआप पहिल्यासारखं व्हावं, हा त्यातला हेतू. हेतूला नावं ठेवायला जागा नव्हती. फक्त चांगलं काय आणि वाईट काय, हे कोठाराला कळत नसे. सगळ्यांकडे सारखं आहे ना, मग झालं.

"ताई, विट्याचा खेकडा सोडंना झालाय," शेजारच्या टेबलावरून इरफान मुजावर म्हणाला. त्याच्या दोन्ही कानांना दोन फोन होते. "आणि पलूसवाले म्हणतायत, तिथं एकीचा हात धरलाय. हात काळा पडलाय म्हणे."

तृप्तीने पडद्यावर कोठारांचा नकाशा उघडला. विटा, पलूस, आटपाडी, जत, कवठेमहांकाळ, जिकडे बघावं तिकडे एकच पॅकेज बसलेलं होतं. 'घट्ट पकड'. ते तिने स्वतः बांधलं होतं, त्याच सकाळी पाठवलं होतं आणि ते फक्त तासगावपुरतं होतं.

ते बांधायला तिच्या मागे लागला होता तिचा सख्खा भाऊ. अभिनंदन मगदूम तासगाव शाखेचा व्यवस्थापक होता. तासगावात बेदाण्याची शीतगृहं, आणि बेदाण्याला सोन्याचा भाव आलेला. चोरांना खेकड्याची सवय झाली होती. पकडलं की ते बिनधास्त "सोड" म्हणत आणि खेकडा मुकाट्याने सोडून देई. मग कंपनीने तिथे फक्त राखणदाराचा आवाज मानायचं ठरवलं, तर चोरांनी त्याच्या आवाजाची नक्कल बनवून आणली. गेल्या महिन्यात त्यांनी म्हाताऱ्या राखणदाराचं डोकं दगडाने ठेचलं. अभिनंदनने त्याला मांडीवर घेतलं होतं. त्याचा मेंदू शर्टाला लागला होता, असं त्याने तृप्तीला सांगितलं आणि नंतर तो तासभर नुसता रडत होता.

"मला असं पॅकेज दे की धरलेला सुटताच कामा नये," तो म्हणाला होता. "फक्त माझ्या आवाजाने सुटेल असं. नक्कल चालायला नको. आणि तासगावचा बिल्ला छातीवर नसेल, तो चोर."

"दादा, हे जरा जास्तच होतंय."

"जास्त होऊ दे. तू फक्त तासगावपुरतं दे, बाकी मी बघतो."

तिने दिलं. भाऊ रडताना बघितल्यावर कोण नाही म्हणेल? खेकडा आता दर वेळी एक नवाच शब्द उच्चारायचा. तो शब्द आणि त्यामागून 'सोड' हे अभिनंदनने जिवंत आवाजात म्हणायचं, फोनवरून म्हटलं तरी चालायचं. नकली आवाज ओळखण्यात यंत्र इतकं पक्कं केलं होतं, की तो मार्ग कायमचा बंद झाला. तीनदा चुकलं तर खेकडा तासभर कुणाचंच ऐकणार नव्हता.

मग ते जिल्हाभर गेलं कसं? तृप्तीने पाठवताना भरलेला पत्ता काढून बघितला. पत्ता बरोबर होता: तासगाव. तिने शाखांची मूळ नोंद उघडली आणि दोन्ही नावं एकाखाली एक ठेवली. मूळ नोंदीत कुणीतरी जुन्या वळणाने लिहून ठेवलं होतं: तासगांव.

एका टिंबाचा फरक. तृप्तीला शुद्धलेखनाची हौस. गावाच्या डोक्यावरचा तो फुकटचा अनुस्वार तिला पाटीवर, पावतीवर, जिथे दिसेल तिथे खुपायचा, आणि ती तो न चुकता काढून टाकायची. पॅकेज इरफाननेही तपासलं होतं, पण मराठी माणसाचा डोळा तासगाव वाचतो आणि तासगांवही तासगावच वाचतो. यंत्राला मात्र ती दोन वेगळी गावं होती, आणि त्यातलं पहिलं त्याच्या माहितीत नव्हतं. पत्ता सापडला नाही तर पॅकेज सगळ्यांसाठी समजायचं, असा नियम कुण्या शहाण्याने घालून ठेवला होता, म्हणजे सुरक्षेच्या कामाचं काही कुणाकडून राहून जायला नको. विट्याच्या फिटरच्या छातीवर विट्याचा बिल्ला होता. तासगावचा नव्हता. म्हणून तो चोर.

काम तृप्तीच्या बोटांत मुरलेलं होतं. तिने जुने नियम नव्या पॅकेजमध्ये बांधले, पत्त्याची जागा कोरी ठेवली आणि ते सगळीकडे सोडलं. कोठारांनी ते भराभर एकमेकांना वाटलं. नकाशावरची गावं एकेक करून हिरवी झाली आणि इरफानने सुस्कारा टाकला.

"सुस्कारे टाकू नकोस," ती म्हणाली. "ज्याने कुणाला धरलंय, तो खेकडा चार्जिंगला जात नाही. आणि गेल्याशिवाय नवं पॅकेज घेत नाही."

"मग बंद करा की त्यांना इथनं."

"बंद केला तरी नांगी मिटलेलीच राहते, वीज गेली की लागणाऱ्या लिफ्टच्या ब्रेकसारखी. चोरांनी बॅटरी तोडू नये म्हणून आपणच तशी करून घेतलीय."

सहा ठिकाणी सहा माणसं नांगीत होती. आटपाडीत गॅस कटर लावून बघितलं, तर नांगी तापून आतल्या माणसाची कातडी सोलली आणि त्याच्या किंकाळ्या फोनवरून अख्ख्या कार्यालयाने ऐकल्या. आता त्या सहा जणांना सोडवू शकेल असा जगात एकच आवाज होता. तृप्तीने भावाला फोन लावला.

"तृप्ते, मी तुलाच लावत होतो," अभिनंदन धापा टाकत म्हणाला. मागे माणसांचा कालवा चालला होता. "इथं एका टेंपोवाल्याला धरला. नवा माणूस, बिल्ला नव्हता त्याच्याकडं. मी सोड म्हणालो, सोडला त्यानं, पण मनगट गेलं बघ त्याचं. पार लोंबतंय."

"दादा, तू आतून दार लाव आणि फोन चालू ठेव. आणखी सहा आहेत, तुझ्या आवाजाशिवाय..."

"लोकं आत आलीत," तो म्हणाला. मग फोन कशावर तरी आपटला आणि एक जाड आवाज अगदी जवळून आला.

"सगळी बोंबलत हुती तवा ऐकलं न्हाई, आन् तू सोड म्हनलास की सोडलं! म्हंजे अंगावर बी तूच सोडलंस की रं, भाड्या!"

"अहो, ऐकून तर घ्या..."

पहिला फटका तृप्तीने कानाने ऐकला. पुढचे ऐकायला ती थांबली नाही. इरफानला सगळे फोन चालू ठेवायला सांगून ती गाडीकडे धावली. पोलिसांना तिने वाटेतून कळवलं. ते निघाले होते म्हणे.

तासगावच्या शाखेबाहेर टेंपो आडवा लावला होता आणि मधल्या मोकळ्या जागेत माणसांचं कडं होतं. तृप्ती कोपरं मारत आत घुसली. अभिनंदन कुशीवर पडला होता. एकजण त्याच्या पाठीत लाथा घालत होता, दुसऱ्याच्या हातात टेंपोच्या फाळक्याची लोखंडी दांडी होती. तिच्या डोळ्यांदेखत ती दांडी खाली आली आणि भावाच्या तोंडावर आडवी बसली. जबडा एका बाजूला सरकला. दोन दात रक्ताबरोबर मातीत पडले.

ती त्याच्यावर आडवी पडली. पुढचा फटका तिच्या खांद्यावर बसला आणि हात बधिर झाला. तिने त्या दांडीवाल्याच्या घोट्याला कडकडून चावा घेतला, तेव्हा कुठे तो ओरडून मागे सरला.

"मारा!" ती किंचाळली. "अजून मारा! विट्यात, पलूसमध्ये, जतमध्ये तुमच्यासारखीच माणसं अडकलीत नांगीत! ह्याच्या तोंडातून शब्द निघाला तरच सुटणार ती! तेच तोंड फोडताय तुम्ही!"

तिने खिशातून फोन काढून पूर्ण आवाजात वर धरला. इरफानने पलूसची लाइन जोडून ठेवली होती. बाईचं रडणं त्या मोकळ्या जागेत पसरलं, आणि दांडीवाल्याने हातातली दांडी हळूच खाली ठेवली. ज्यांनी मारलं होतं, त्यांनीच अभिनंदनला उचलून टेंपोत घातलं आणि सरकारी दवाखान्यात नेलं. मारायला आणि उचलायला हात तेच होते, याचं कुणालाच काही वाटलं नाही.

दवाखान्यातल्या डॉक्टर ऐनापुरे बाईंनी तोंडात बॅटरी मारून बघितलं आणि तृप्तीला बाजूला घेतलं. "जबडा दोन ठिकाणी मोडलाय. त्याचं नंतर बघता येईल. पण घसा आतून सुजत चाललाय, रक्तही उतरतंय. मला आत्ता गळ्याला छेद देऊन नळी घालावी लागेल."

"नळी घातल्यावर बोलता येईल त्याला?"

"नाही. आणि घातली नाही तर थोड्या वेळाने श्वासही घेता येणार नाही."

अभिनंदनने ते ऐकलं होतं. त्याने हात पुढे केला आणि बोटांनी फोन मागितला. डॉक्टर रागावल्या, "काय चाललंय हे? इथं नाटक नकोय मला!" पण त्याने नळीचा ट्रे कोपराने ढकलून दिला. तृप्ती त्याच्या कानाशी वाकली.

"दादा, चूक माझी आहे. तुझी नाही. पत्ता मी चुकवला."

त्याने मान हलवली आणि फोनकडे बोट दाखवलं. चुका कुणाच्या ते मोजायला त्याला वेळ नव्हता.

जतची लाइन सगळ्यात आधी लागली आणि लगेच तुटली. तिथे रेंजची कायमचीच रड. मग इरफानने पलूस जोडलं. पलीकडे कुणीतरी फोन खेकड्याजवळ धरला. "म्हणा, कंदील," खेकड्याचा सपाट आवाज आला. अभिनंदनने डोळे मिटले. मोडक्या जबड्यातून त्याने "कंदील" ओढून काढला, त्यामागून "सोड", आणि तोंडातून रक्ताची गुठळी हनुवटीवर आली. पलूसची बाई मोकळी झाली. तिचा हात राहणार नव्हता, पण ती मोकळी झाली.

विट्याच्या फिटरला शुद्ध नव्हती, त्याच्या भावाने फोन धरला होता. तोही सुटला. आटपाडीला पहिल्यांदा नाकारलं, दुसऱ्यांदा मानलं. आणखी दोघंही सुटले. दर वेळी अभिनंदनचं अख्खं शरीर खाटेवरून उचललं जाई आणि तृप्ती त्याचे खांदे दाबून धरी, म्हणजे त्याला बोलता यावं. आपण आपल्याच भावाला छळतोय, हे तिला कळत होतं, आणि तरी तिने पुढचा फोन त्याच्या तोंडाशी नेला. बाहेर व्हरांड्यात दांडीवाला उभा होता आणि दर सुटकेला हात जोडत होता. तृप्तीला वाटलं, उठावं आणि त्याचा गळा घोटावा.

शेवटी पुन्हा जत लागलं. डाळिंबाच्या गोदामात बसगोंडा नावाचा हमाल होता आणि फोनवर त्याची बायको होती, महादेवी. बाकीच्यांचे हातपाय धरले होते, याला खेकड्याने छातीभोवती धरलं होतं. श्वास सोडला की छाती आत जाई आणि नांगी तेवढी पुढे सरके. श्वास घ्यावा तर छाती फुगे, आणि ती म्हणजे झटापट. त्याला श्वास घेण्याचीच शिक्षा होत होती.

"लवकर बोला वो साहेब, ह्येंचे डोळे बाहीर आल्यात," महादेवी म्हणाली.

"म्हणा, पोपट," खेकडा म्हणाला.

ओठ मिटल्याशिवाय प म्हणता येत नाही, आणि अभिनंदनचे ओठ आता मिटत नव्हते. "होहट," तो म्हणाला. "ओड."

"आवाज जुळला नाही."

"म्हणा, चिमणी." त्याने 'चि' काढला आणि पुढे नुसती घरघर आली.

"आवाज जुळला नाही. एकच संधी शिल्लक."

"बास!" डॉक्टर म्हणाल्या. "नखं बघा त्याची. निळी झालीत. आणखी एक शब्द बोलला तर घसा पुरता बंद होईल, आणि मग मी काहीसुद्धा करू शकणार नाही."

अभिनंदनने एक बोट वर केलं. आणखी एकदा. त्याचे डोळे तृप्तीवर खिळले होते, ती परवानगी देईल म्हणून नव्हे, तर फोन जवळ आणील म्हणून. फोन तिच्या हातात होता. कदाचित तिसऱ्या वेळी सोपा शब्द आला असता. कदाचित त्याने म्हटलाही असता. बसगोंडाला तिने कधी पाहिलं नव्हतं. हा माझा भाऊ आहे, असं तिच्या मनात आलं, आणि त्याच्या पुढे दुसरं काही येईना.

तिने फोन छातीशी गच्च दाबून धरला, आवाज पलीकडे जाऊ नये म्हणून.

"दादा, सुटला," ती हसून म्हणाली. "आत्ता सोडलं त्याने. दुसऱ्या वेळचं उशिरा मानलं. झाले सगळे. बास आता."

त्याने विश्वास ठेवला. लहानपणापासून तिने त्याला एकही थाप मारली नव्हती. त्याचं बोट खाली आलं, चेहरा सैल पडला, आणि डॉक्टरांनी त्याला आत नेऊन दार लावून घेतलं.

तृप्तीने फोन पुन्हा कानाला लावला.

"ताई? साहेब का थांबलं वो?" महादेवी विचारत होती. "एकडाव ऱ्हायलंय म्हनं अजून. म्हना म्हनावं की."

"ते आता बोलणार नाहीत."

"का वो?"

तांत्रिक अडचण आहे, असं सांगता आलं असतं. लाइन तुटली असती तरी कुणी दोष दिला नसता. "मीच बोलू दिलं नाही त्यांना," तृप्ती म्हणाली. "बोलले असते तर ते गेले असते."

पलीकडे बसगोंडाची घरघर चालूच होती.

"त्ये तुमचं कोन लागत्यात?"

"भाऊ."

"आन् ह्यो माझा कोन लागतोय?" महादेवीने विचारलं. ओरडून नाही, शेजारणीला विचारावं तसं. तृप्ती व्हरांड्याच्या फरशीवर भिंतीला टेकून बसली. तिच्या तोंडून नुसता हुंदका निघाला.

"रडू नगा," महादेवी म्हणाली. "फोन बी ठिवू नगा. मी ह्येंच्या तोंडाजवळ धरते. तुमी बी ऐका."

तृप्तीने फोन ठेवला नाही. पलीकडून आखूड आखूड श्वास येत होते, आणि ते बंद होईपर्यंत ती ऐकत राहिली.